आमची जिंदगी चालते, आमचा सिद्धांत का चालत नाही?



आधी एक जुना हिशेब मांडू. जुना आहे, पण मिटलेला नाही.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचं नाटक लिहिलं. अडाणी कुणब्याला धर्माच्या नावानं कसं लुबाडलं जातं आणि तोच कुणबी शाळेची वाट धरतो तेव्हा काय होतं, हा नाटकाचा विषय. हे हस्तलिखित जोतीरावांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडलं. ही कमिटी काय चीज होती? पेशवाईत पुण्याच्या रमण्यात बामणांना दक्षिणा वाटायचे. पैसा कुणाचा? रयतेच्या घामाचा. पेशवाई बुडाली, कंपनी सरकार आलं, दक्षिणा थोडीफार चालूच राहिली. मग सुधारकांनी ओरड केली, आणि त्या पैशातला काही हिस्सा मराठी ग्रंथांच्या बक्षिसाकडे वळला. म्हणजे पैसा रयतेचा, भाषा रयतेची. पण ग्रंथ बरा की वाईट हे ठरवणार कोण? कमिटीतले भट सभासद. त्यांनी नाटक नाकारायला लावलं. ही हकीकत जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्वतः लिहून ठेवलीय. ते नाटक छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडलं.

१२४ वर्षं! नाटक लिहिणारा गेला, नाकारणारे गेले, कंपनी गेली, राणी गेली, गोरे गेले. हस्तलिखित पडून राहिलं.

त्याच १८५५ सालात मुक्ता साळवे या मांगाच्या शाळकरी पोरीचा महारामांगांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. कुठं? मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’त. म्हणजे लिहिणारे हात होते, शाईही होती. प्रश्न फक्त दाराचा होता. दारात कोण बसलाय, आणि आत काय सोडायचं हे तो कशावरनं ठरवतो?

तुम्ही म्हणाल, हे मढं आज कशाला उकरता? उकरतो, कारण दार बदललं, पाटी बदलली, पण दारात बसायची रीत फारशी बदललेली नाही. आजच्या दारावरची पाटी आहे ‘विद्यापीठ प्रेस’.

आपल्याकडे प्रेस म्हटलं की प्रश्नपत्रिका छापणारा कारखाना डोळ्यांपुढे येतो. तिकडे तसं नाही. केंब्रिजला १५३४ साली आठव्या हेन्री राजानं छपाईची सनद दिली, आणि १५८४ पासून तिथं पुस्तकं निघताहेत. ऑक्सफर्डनं १९१२ साली मुंबईत आपलं दुकान थाटलं. अमेरिकेत कोलंबिया, कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड अशी मोठमोठी विद्यापीठं आपापल्या प्रेस चालवतात. या प्रेसचा शिक्का बसला की लिखाणाचं ‘ज्ञान’ होतं. लायब्रऱ्या ते विकत घेतात. पुढच्या संशोधकाला त्याचा संदर्भ द्यावाच लागतो. शिक्का नसला की तेच लिखाण ‘चळवळीचं साहित्य’ होतं. मुद्दा तोच, पुरावा तोच, पण पायरी खालची.

शिक्का मिळवायची रीत अशी. आधी एक प्रस्ताव पाठवायचा. पुस्तकाचा मुद्दा काय, प्रकरणं किती, शब्द किती, या विषयावर आधी कुणी काय लिहिलं, तुमचं वेगळं काय, वाचणार कोण, हे सगळं त्यात. सोबत एखाददुसरं नमुन्याचं प्रकरण. संपादकाला पटलं तर हस्तलिखित बाहेरच्या दोन जाणकारांकडे जातं. ते अहवाल लिहितात. अहवालाला तुम्ही उत्तर द्यायचं. मग विद्यापीठातल्याच प्राध्यापकांचं मंडळ शेवटचं होय-नाही सांगतं. ऑक्सफर्डात या मंडळींना डेलिगेट म्हणतात, केंब्रिजात सिंडिक. मग करार, मग छपाई. या सगळ्यात महिने जातात, कधी वर्षंही.

आमचं भांडण या रितीशी नाही, हे आधी स्पष्ट करतो. छापण्याआधी चार जाणत्यांनी पुस्तक तपासावं, चूक दाखवावी, पुरावा मागावा, यात वाईट काय? पुरावा मागण्याची सगळ्यात जास्त गरज आम्हालाच आहे. हजारो वर्षं आमच्याविरुद्ध बिनपुराव्याचीच पोथी चालली.

आमचं भांडण आहे पडद्याशी. पुस्तकाच्या बाबतीत बहुतेक प्रेसमध्ये हा पडदा एकाच बाजूनं ओढलेला असतो. तपासणाऱ्याला लेखकाचं नाव ठाऊक असतं, लेखकाला तपासणाऱ्याचं नसतं. तिकडच्या देशात याचा अर्थ काय व्हायचा तो होवो. आपल्या देशात आडनाव म्हणजे काय असतं? आडनाव म्हणजे गावाचा नकाशा. ‘कांबळे’ म्हटलं की गावकुसाच्या कुठल्या बाजूचा, हे न विचारता कळतं. एकाच्या कपाळावर गावाचा नकाशा चिकटवायचा, दुसऱ्यानं तोंडावर बुरखा घ्यायचा, आणि याला म्हणायचं निःपक्षपाती तपासणी!

आणि हा तपासनीस येतो कुठून? जातीवरचं हस्तलिखित तपासायला कुणाला बोलावणार? ज्यांनी आधी जातीवर पुस्तकं लिहिली त्यांना. आधी लिहायला कुणाला मिळालं? ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तकांची कपाटं होती, ज्यांचं इंग्रजी शाळेतल्या बाकावर घडलं, त्यांना. म्हणजे एकदा जो आत शिरला तोच पुढच्याला आत घ्यायचं की नाही हे ठरवणार. यात कुणी एक माणूस बदमाश असायची गरजच नाही. सगळे सज्जन असले तरी दार तसंच राहतं. जोतीरावांना निदान ठाऊक होतं की आपलं नाटक कुणी अडवलं. आम्हाला तेवढंही कळत नाही.

बरं, दार सरसकट बंद आहे का? नाही. आणि खरी मेख इथंच आहे, दोस्तांनो. आमची काही हस्तलिखितं आत जातात, आणि पायघड्यांवरून जातात. कुठली जातात ते बघा.

शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ ऑक्सफर्डनं २००३ साली इंग्रजीत काढलं. ओमप्रकाश वाल्मीकींचं ‘जूठन’ त्याच साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रेसनं काढलं. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००९ साली त्याच प्रेसनं अमेरिकेत नेलं. ही आमच्या अभिमानाची पुस्तकं आहेत. या माणसांनी आपलं काळीज कागदावर काढून ठेवलं. कोलंबियाच्या ज्या आवारात बाबासाहेब शिकले तिथल्या प्रेसच्या यादीत आमची आयाबाया बोलू लागली, ही लहान गोष्ट नाही.

पण आता शांतपणे विचारू या. आत्मकथनाला जेवढ्या सहज वाट मिळते तेवढी आमच्या विचाराला मिळते का? आमची भूक चालते, आमच्या भुकेचं अर्थशास्त्र चालतं का? आईचं फाटकं लुगडं चालतं, पण ते लुगडं कुणामुळं फाटलं याचा सिद्धांत तिच्याच पोरानं मांडला तर? आमची जिंदगी हा कच्चा माल. तो इकडच्या खाणीतनं काढायचा, तिकडच्या कारखान्यात त्याचं ज्ञान करायचं, आणि तयार माल आम्हालाच डॉलरच्या भावात विकायचा. साहेबानं कापसाचं जे केलं तेच हे.

हे आम्हीच पहिल्यांदा बोलतोय असं नाही. गोपाळ गुरूंनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त भारतातली समाजशास्त्रं किती समतावादी आहेत, असा रोकडा सवाल केला. सिद्धांत करणारे वेगळे आणि तपशिलाची ओझी वाहणारे वेगळे, ही ज्ञानातली चातुर्वर्ण्याची व्यवस्था त्यांनी उघड्यावर आणली. त्यावर खूप चर्चा झाली. काही जणांना राग आला. पण सवाल उभाच राहिला.

आणि तरीही बघा. त्याच गोपाळ गुरूंचं सुंदर सरुक्कईंबरोबरचं ‘द क्रॅक्ड मिरर’ २०१२ साली ऑक्सफर्डनंच छापलं. त्यात आत्मकथन नाही. अनुभव आणि सिद्धांत यांचं नातं काय, यावरची ती बेधडक वादावादी आहे. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ २०२२ साली स्टॅनफर्डच्या प्रेसनं काढलं. तमाशातल्या दलित बाईची अब्रू आणि मजुरी यांचा तो इतिहास आहे. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. म्हणजे दाराला फट आहे. धडक मारली तर ते उघडतं. पण धडक कशी मारायची हे आमच्या पोरांना कुणी सांगत नाही. त्यांच्या घरात जेवताना या गोष्टी बोलल्या जातात. आपल्या घरात रेशनच्या गप्पा होतात.

आमच्यातल्याच एका दोस्ताचं सांगतो. प्रेसचं नाव घेत नाही, दोस्ताचंही नाही. गड्यानं आंबेडकरी जलशांवर पीएच.डी. केली. गावोगाव हिंडला, म्हाताऱ्या कलावंतांच्या ओसरीवर बसला, वह्या भरल्या. त्यावर पुस्तक लिहिलं, पैसे मोजून इंग्रजी करून घेतलं आणि पाठवलं. आठ महिन्यांनी अहवाल आला. त्यात दोन मुख्य मुद्दे होते. पहिला : लेखक विषयाच्या फार जवळ आहे, त्याला विषयापासून पुरेसं अंतर राखता आलेलं नाही.

अंतर! ज्या देशात अंतर राखणं हाच हजारो वर्षं धर्म होता, सावलीचं अंतर, पाणवठ्याचं अंतर, मसणवट्याचंसुद्धा अंतर, तिथं आता अंतर ही संशोधनाची पात्रता झाली! बामणाच्या पोरानं आपल्या आजोबांच्या वेदपाठशाळेवर लिहिलं तर ते ‘आतल्या माणसाचं दुर्मिळ ज्ञान’, आणि आमच्या पोरानं आपल्या आज्याच्या ढोलकीवर लिहिलं की ‘फार जवळचं’!

दुसरा मुद्दा मात्र वेगळा होता. कुठला जलसा कुठं, कधी झाला याच्या तारखा नीट नाहीत. गाणी कुणाकडून मिळाली त्याची नोंद नाही. एकाच कलावंताची दोन ठिकाणी दोन गावं दिलीत. हा मुद्दा बरोबर होता. पण दोस्तानं दोन्ही मुद्दे एकाच रागात फाडून टाकले. हस्तलिखित ट्रंकेत गेलं. ते अजून ट्रंकेत आहे. ज्या म्हाताऱ्यांनी त्याला गाणी दिली त्यातले बहुतेक आता उरले नाहीत.

सांगा, यात कुणाचं नुकसान झालं? प्रेसचं? तिला दुसरं पुस्तक मिळालं. नुकसान त्या म्हाताऱ्यांचं झालं. आपलं झालं.

म्हणून आम्ही म्हणतो, अहवाल हातात आला की त्याचे दोन ढीग करायला शिका. एका ढिगात ‘पुरावा दे’. दुसऱ्या ढिगात ‘मान खाली घाल’. पहिला ढीग मुकाट्यानं कामाला घ्या. दुसऱ्या ढिगाला लेखी, सभ्य आणि सणसणीत उत्तर द्या. हे दोन ढीग कसे करायचे याचा धडा बाबासाहेबांनी जगून दाखवलाय.

लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध दिला. साम्राज्याच्या चलननीतीवर त्यात कडक हल्ला होता. १९२३ साली परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. बाबासाहेबांनी काय केलं? मुंबईत बसून, पैशाची ओढ असताना, निष्कर्ष तेच ठेवून मांडणी पुन्हा केली आणि परत पाठवली. प्रबंध मान्य झाला. त्याच सालअखेर पी. एस. किंग या लंडनच्या प्रकाशकानं पुस्तक काढलं. प्रस्तावना लिहिली ती त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी, आणि तीत आपले मतभेद उघड सांगितले! गुरूला शिष्याचं म्हणणं पटत नाही, पण त्याला ते मांडायचा हक्क आहे हे पटतं. तपासनीस असावा तर असा. नाव लावून मतभेद सांगणारा.

आता दुसरा प्रसंग. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचं हस्तलिखित वाचून मंडळ हादरलं. वेदांबद्दलचा आणि हिंदू धर्म सोडण्याबद्दलचा मजकूर काढा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, १,५०० प्रती. दोन महिन्यांत संपल्या. तेच ते ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. आज जगातल्या विद्यापीठांत ते पाठ्यपुस्तक आहे. मंडळाचं नाव कुणाच्या ध्यानात असेल तर त्या पुस्तकामुळंच.

माणूस तोच. १९२३ साली पुन्हा लिहिणारा आणि १९३६ साली स्वल्पविरामही न हलवणारा. यात विसंगती नाही. लंडननं मांडणी मागितली, ती दिली. लाहोरनं निष्कर्ष मागितला, तो दिला नाही. हा आमचा मापदंड.

आता रोकडं बोलू. लिहिणाऱ्या पोरा-पोरींनी या गोष्टी गाठीला बांधाव्यात :

१) प्रबंध म्हणजे पुस्तक नव्हे. शोधगंगेवर प्रबंध चढला म्हणजे ग्रंथ झाला असं समजू नका. प्रेस न बदललेला प्रबंध बघतही नाहीत. गाईडला खूश करायला लिहिलेली ती ‘साहित्याचा आढावा’ नावाची चाळीस पानं आधी फेका. तुमचा मुद्दा पहिल्या पाच पानांत आणा.

२) प्रेसची यादी बघा. जिनं जातीवर, श्रमावर, शहरावर पुस्तकं काढलीत तिच्याच दारात जा. कविता, कादंबरी बहुतेक विद्यापीठ प्रेस घेतच नाहीत. अमेरिकेत काही ठिकाणी कविता-कथांच्या स्पर्धा असतात, काहींना फीही असते. मराठी कथा-कादंबरी तिकडे जाते ती अनुवादाच्या वाटेनं. तेव्हा अनुवादक आधी शोधा आणि त्याच्याशी लेखी ठरवा. बोलीतला शब्द कुठं ठेवायचा आणि कुठं इंग्रजी करायचा, हे लेखकाला विचारल्याशिवाय ठरणार नाही, हेही लिहून घ्या.

३) बऱ्याच प्रेस लेखकालाच विचारतात : तुमचं हस्तलिखित कोण तपासू शकेल? कुणाकडे पाठवू नये? आमची पोरं ही जागा कोरी सोडतात. का? कोरी सोडाल तर तिथं दुसरा कुणी नाव लिहील. आपल्या विषयातली जाणती, आपल्या बाजूचीच असं नव्हे पण न्यायानं वागणारी चार नावं द्या. ज्याच्याशी जाहीर भांडण झालंय त्याचंही नाव कारणासकट कळवा. तो तुमचा हक्क आहे.

४) अहवालाचं उत्तर हा दंड नाही, शस्त्र आहे. ते उत्तर मंडळापुढे जातं. मुद्द्याला मुद्दा लिहा. ‘अंतर नाही’ असं कुणी म्हणालं तर विचारा : कुठल्या पानावर जवळीक पुराव्याच्या आड आली? पान दाखवा.

५) करार वाचल्याशिवाय सही करू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं सही केलेल्या लेखी कागदाशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. मुलूख लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणजे गावच्या प्रकाशकानं ‘सगळे हक्क माझे’ असं तोंडी सांगितलं म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि विदेशी प्रेसशी करार करताना मराठी आणि हिंदीचे हक्क स्वतःकडे ठेवा. स्वस्त भारतीय आवृत्तीचं कलम घाला. ज्यांच्यावर पुस्तक आहे त्यांना ते विकत घेता येत नसेल, तर ते पुस्तक कुणासाठी?

६) फोटो, गाणी, पत्रं छापायच्या परवानग्या बहुधा लेखकालाच मिळवाव्या लागतात, खर्चही त्याचाच. सूचीचा खर्चही बऱ्याचदा लेखकाच्याच गळ्यात येतो. हे आधी विचारा. परवानगी मागताना त्या म्हाताऱ्या शाहिराच्या घरच्यांना पुस्तकाची प्रत आणि श्रेय द्या. साहेबानं आपल्याला कच्चा माल मानलं म्हणून आपण आपल्याच माणसांना कच्चा माल मानायचं नाही.

हे झालं बाहेरच्या दाराचं. आता घरच्या दाराकडे वळू, कारण तिथली कडी जास्त गंजलीय.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ साली झाला. त्यापायी वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळेंना मारलं. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव लागलं. पाट्यांवर आमची माणसं आली. आम्ही विचारतो, त्या पाट्यांखालून एखादी मजुराची पोरगी मराठी हस्तलिखित घेऊन आत गेली, तर तिनं ते नेमकं कुठल्या टेबलावर ठेवायचं? कोण वाचणार? किती दिवसांत? नाकारलं तर कारण लेखी मिळणार का? परीक्षेच्या फॉर्मला खिडकी आहे, फीला खिडकी आहे. हस्तलिखिताची खिडकी दाखवा!

सरकारच्या भरवशावर राहावं म्हणावं, तर तोही इतिहास समोर आहे. १९५६ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या ५०० प्रती सरकारनं घ्याव्यात म्हणून पंतप्रधान नेहरूंना लिहिलं. बुद्धजयंतीसाठी काढलेली रक्कम संपली, असं उत्तर आलं. बाबासाहेब डिसेंबरात गेले. पुस्तक १९५७ साली निघालं ते सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाच्या नावानं. आपल्याच कॉलेजनं ते काढलं, हे विसरू नका. पुढं महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून बाबासाहेबांचं लेखन खंडांत काढायला घेतलं. वसंत मून यांनी त्यापायी हाडं झिजवली. १९८७ साली चौथ्या खंडात ‘रिडल्स’ आलं तेव्हा काय काहूर उठलं! १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत लाखोंचा निळा मोर्चा निघाला तेव्हा कुठं ते टिकलं, तेही या मतांशी सरकार सहमत असेलच असं नाही या तळटिपेसकट. आणि २०२१ साली काय वाचलं आपण? खंडांच्या ९ लाख प्रती छापायचं ठरलं, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, चार वर्षांत छापल्या जेमतेम ३३ हजार, बाकी कागद गोदामात पडून. ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. बाबासाहेबांच्या हस्तलिखिताची ही गत, तर तुमच्या-माझ्या हस्तलिखिताची काय असेल?

आणि आपल्यातल्यांनाही सोडणार नाही. २०१८ च्या यूजीसीच्या नियमांत प्राध्यापकाला आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण ठेवले. झालं, दुकानं निघाली. पैसे भरा, आयएसबीएन घ्या, पन्नास प्रती घ्या. ना कुणी वाचलं, ना कुणी तपासलं. त्यात आपलेही प्राध्यापक रांगेत उभे! विद्यापीठ प्रेसचा पडदा वाईट; पण जिथं कुणी वाचतच नाही ते दुकान त्याहून वाईट. एक आपल्याला दारात अडवतो. दुसरा पैसे घेऊन आत सोडतो, आणि आत काहीच नसतं. भेकडपणाही आपल्यात होता. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’चे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधू’नं छापले आणि पुढचे छापायचं थांबवलं. तो सत्यशोधकांचाच पेपर होता. जोतीरावांनी आपल्याच माणसांना त्याबद्दल झाडलं. आम्हीही झाडणार.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठानं मराठीत हस्तलिखितं घेणारं खरंखुरं ग्रंथ प्रकाशन चालवावं. निवड मंडळाची नावं जाहीर करावीत. मंडळात दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुसलमान आणि बाया शोभेपुरत्या नव्हे, संख्येनं असाव्यात. पुस्तक तपासताना पडदा ठेवायचाच तर दोन्ही बाजूंनी ठेवा, नाहीतर दोन्ही बाजूंनी काढा. सहा महिन्यांत निर्णय द्यावा, नकाराचं कारण लेखी द्यावं. आणि पुस्तकाची किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल एवढीच असावी.

हे मिळेपर्यंत थांबायचं का? नाही. तिकडच्या दारावर धडक मारायची, इकडच्या दारावर मोर्चा न्यायचा, आणि दोन्ही दारं उघडेपर्यंत आपल्या अंकांतनं, आपल्या छोट्या प्रकाशनांतनं छापत राहायचं. पण छापताना आपली तपासणी त्यांच्याहून कडक ठेवायची. तारीख चुकवायची नाही, शाहिराचं गाव चुकवायचं नाही.

आत्मकथनं आणखी यावीत. पण पोरांनो, पोरींनो, आता त्यांच्याकडे फक्त जखम पाठवू नका. जखमेचं शास्त्र पाठवा. पाण्याच्या वाटपावर लिहा, गायरानाच्या सातबाऱ्यावर लिहा, गटारात उतरणाऱ्याच्या मजुरीवर लिहा, व्याकरणावर लिहा, गणितावर लिहा. आम्ही फक्त आमच्याबद्दलच बोलावं, हा करार आम्ही सही केलेला नाही.

ट्रंका उघडा. वह्या बाहेर काढा. उद्याच्या टपालानं पहिला प्रस्ताव जाऊ द्या.

जय भीम.